वाटा आईनं उचलावा

आष्टा, ता. वाळवा
३ मार्च १९४५

चि. सिद्धू यास,

‘पत्रास कारण की’ हे मी शाळेत मुलांकडून रोज घोटून घेतो, त्यामुळे स्वतः लिहायची वेळ आली की हात वळत नाही. कारण सरळच लिहितो. आबा गेले. माघातल्या पंचमीला, भर दुपारी, गुऱ्हाळावर. रसाची काहील उतरवायची वेळ झाली होती आणि आबा चुलवणाजवळ घोंगडं टाकून बसले होते. गुळव्यानं विचारलं, “आबा, बघा की, पाक आला का?” आबा बोलले नाहीत. गुळव्या म्हणतो, “मला वाटलं इचार करत्यात.” विचार संपेपर्यंत तो थांबला आणि काहील करपली.

तुला तार केली होती. ती पोचली की नाही कळायला मार्ग नाही, तुमचा पत्ता म्हणजे नुसता आकडा. दिवस मी केले. तुझ्या वतीचं पाणीही मीच दिलं.

आता कामाचं. आबांनी मृत्युपत्र केलेलं नाही. वकिलाचा कारकून दोन वेळा घरी येऊन गेला होता. दोन्ही वेळा आबांनी त्याला ताक पाजलं आणि वाटेला लावलं. “कागुद केला की माणूस मागं ऱ्हात न्हाई. मी अजून हाय,” म्हणाले. तेव्हा जे काही आहे ते आपणा दोघा भावांचं, आणि ते रीतीप्रमाणे वाटायचं. रीत तू विसरला नसशील: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. उरेल तो थोरल्याचा. म्हणजे मी लबाडी केली तर ती माझ्याच पदरात पडणार, म्हणून काळजी करू नकोस. आईनं कुणाकडं राहायचं तेही वाट्यातच ठरेल. तू यावंस, किंवा तुझ्या वतीनं उचलणाऱ्याचं नाव साहेबाच्या सहीशिक्क्यानं कळवावंस. त्याशिवाय तलाठी वारसाची नोंद पक्की करणार नाही.

इथपर्यंत आईला वाचून दाखवलं. काहील करपल्याचं वाक्य तेवढं वाचलं नाही, उगीच तिच्या जिवाला लागलं असतं. आता ती उठून गेली आहे, म्हणून पुढचं आपल्या दोघांत. तू पलटणीत गेलास त्याला पाच वर्षं होतील. आबांचा भाऊ मागच्या लढाईत बसऱ्याला गेला तो आलाच नाही, म्हणून त्यांनी तुला अडवलं. तू ऐकलं नाहीस, आणि ते “परत उंबरा चढू नको” म्हणाले. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. पण पाच वर्षांत तीन पत्रं, आणि शेवटचं बेळगावहून, हे काही बरं नाही. पुढं तू का लिहिलं नाहीस ते मी विचारत नाही.

तुझा
नाना


आष्टा
२२ एप्रिल १९४५

चि. सिद्धू,

तुझं उत्तर नाही. पाडवा झाला. मी वाटे पाडले आहेत ते कळवतो.

एक वाटा: नदीकडचं काळं रान, त्यातला ऊस, विहीर, मोट, बैलजोडी आणि वस्तीवरचं छप्पर. दुसरा वाटा: माळावरचं रान, गावातलं तीन खणांचं घर, म्हैस आणि आई.

माळ आकारानं दुप्पट आहे, पण माळ तो माळच. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर कुसळं. पाटलांना वाटे सांगितले तेव्हा ते माझ्याकडं बघतच राहिले. “मास्तर, धाकटा काय डोळं झाकून बी काळंच उचलंल. तुमाला काय ऱ्हायलं?” मी म्हटलं, मला शाळेचा पगार आहे, मला विहीर काय करायची. पाटील चार लोकांत म्हणाले की असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ऐकायला बरं वाटत होतं हे कबूल करतो.

फक्त अंबूनं तोंड वाकडं केलं. माझी बायको कमी बोलते, पण बोलली की नेमकं बोलते. “आवं, आत्याबाईंना घातलंय वाट्यात, म्हशीच्या शेजारी. त्यांना इचारलं का?” म्हटलं, विचारायचं काय त्यात? आई या घरात आहे, मी या घरात आहे, तू तर पलटणीत. जे आहे तेच कागदावर आणतोय. अंबू चुलीकडं वळली.

हे वाट्याचं सगळं आईला वाचून दाखवलं, अंबूचं बोलणं सोडून. आई म्हणाली, “बरं,” आणि पान लावत बसली.

नाना


आष्टा
९ जुलै १९४५

चि. सिद्धू,

अजून काही नाही. चावडीवर नोटीस लागली आहे. तलाठी म्हणतो, धाकट्याची संमती आल्याशिवाय मी हात लावणार नाही, उद्या तुमचा फौजी बंदूक घेऊन माझ्या दारात उभा राहायचा. त्याला विनोद करायची हौस आहे. इकडची बाकीची हकिकत लिहीत नाही. चळवळीची पोरं, रात्रीचे पोलीस, हे असलं काही लिहिलं की तुमच्याकडं पत्र फोडून वाचणारा शाई फासतो म्हणे. दुसऱ्याची पत्रं वाचायची नोकरी, हीही एक तऱ्हाच.

आई टपालवाला दिसला की उंबऱ्यात येते. तो पुढं निघून गेला की मला म्हणते, “जुनं तरी वाच.” मग मी खुंटीवरची तार काढतो. आलेलं पत्र तारेत ओवायचं, फाडायचं नाही, ही माझी शिस्त तुला माहीत आहे. तुझं बेळगावचं पत्र वाचून दाखवतो: तब्येत बरी आहे, थंडी पुष्कळ, परेड रोज, सर्वांस नमस्कार. आता तर कागद समोर धरायचीही गरज नाही, पाठ झालंय. आई शेवटी दर वेळी म्हणते, “थंडी पुष्कळ व्हय,” जणू तुला आजच थंडी वाजते आहे.

उत्तर दे. आईच्या मनाला घोर नको.

नाना


आष्टा
५ सप्टेंबर १९४५

चि. सिद्धू,

लढाई संपली हे चांगलं झालं. तुझं मुखत्यारपत्र पोचलं.

पोचलं ते मात्र नीट नाही. लखोट्यावर सरकारी शिक्का, म्हणून टपालवाल्यानं तो घरी न आणता चावडीत दिला. तलाठ्यानं फोडला. पलटणीचा कागद खरा की खोटा हे बघायला त्यानं लालासाहेबाला बोलावून घेतलं. लालासाहेब तुझ्याच पलटणीतला, नाईक होता, आता पेन्शनीत आहे. तोवर कुणीतरी आईला सांगितलं, तीही आली. शाळेतून मी पोचलो तेव्हा लालासाहेब ताठ उभा राहून, परेडला हुकूम द्यावा तशा आवाजात वाचत होता. मुखत्यारपत्र वाचलं, आईच्या नावाचं: हरणाबाई कोम केरबा यांनी माझ्या वतीनं वाटा उचलावा. आत घडी घातलेली तुझी चिठ्ठी होती, तीही त्यानं वाचली. त्याला कोण अडवणार? समोर येईल ते सगळं वाचायचं एवढंच त्याला ठाऊक.

“आबांनी बोलवलं नाही. आता रानासाठी बोलवू नका. वाटा आईनं उचलावा, मला कुठलाही चालेल.”

तीन ओळी. चार वर्षांनी.

घरी येताना आईनं वाटेत विचारलं, “बलवलं न्हाई म्हंजी? त्यानं कवा इचारलं हुतं?” मी म्हटलं, “पोराचा राग हाय, आय. लिवतंय कायतरी.” ती पुढं चालू लागली. हे पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही. ती शेजारी गेली आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाटणी ठरली. आई काळंच उचलेल. तिला ऊस कळतो.

नाना


आष्टा
२० ऑक्टोबर १९४५

चि. सिद्धू,

वाटणी झाली. जसं झालं तसं लिहितो.

चावडीपुढच्या पारावर घोंगडं अंथरलं होतं. तुझ्या माझ्या जन्मात आपल्या घरी वाटणी झाली नाही, म्हणून सांगतो की आपल्या गावात कागदाआधी ढेकळं ठेवतात. डावीकडं नदीच्या रानाचं काळं ढेकूळ ठेवलं, शेजारी मोटेच्या नाड्याचा तुकडा. उजवीकडं माळाचं तांबडं ढेकूळ, शेजारी घराचं एक कौल. पाटील म्हणाले, “म्हातारीसाठी काय ठेवायचं?” मी अंबूला घरी पाठवून आईची पानाची चंची आणवली आणि कौलाशेजारी ठेवली. मला ते सोयीचं वाटलं.

आई आली. डोक्यावरचा पदर नीट करून घोंगड्यापुढं उभी राहिली.

“ही माझी चंची हितं कशी?”

पाटील म्हणाले, “मावशी, तुमी ज्या वाट्यात हायसा त्या वाट्यात ठिवलीया.”

“मला इचारून?”

पाटलांनी माझ्याकडं बघितलं, मी कौलाकडं. तिनं वाकून आधी चंची उचलली आणि कंबरेला खोचली. मग तांबडं ढेकूळ उचललं.

पाटलांना वाटलं ती चुकली. “मावशी, सिद्धूचा वाटा काढायचाय. काळं उचला.”

“सिद्धूचाच काढलाय,” आई म्हणाली. “रान त्याला कसलं बी चालंल, त्यानं लिवलंया. पर आल्यावर त्याला उतराय घर पायजे, आन् घरात माणूस पायजे.”

तलाठ्यानं लिहून घेतलं, आईनं अंगठा दिला. झालं.

म्हणजे काळं रान, विहीर आणि बैलजोडी माझी. गाव माझ्याकडं बघून हसतंय, मास्तरानं बरोबर डाव साधला म्हणून. कालपर्यंत हीच माणसं माझं कौतुक करत होती. मला दोन्ही वेळा काही सांगता आलं नाही. मला काय हवं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मग आता तक्रार कुणाकडं करू? तुला सांगतो. मला विहीर नको होती. आई माझ्याकडं राहावी म्हणून मी विहीर तुझ्या ताटात वाढली होती. तू ती घेशील आणि आई मला उरेल, असा माझा हिशेब होता.

मी म्हटलं, “आय, वाटणी कागदावर. आमी आपलं घरातच ऱ्हातो की.” ती म्हणाली, “वाटणी म्हंजी वाटणी. तुझं बिऱ्हाड वस्तीवर.” रागानं नाही. दळण कुठं ठेवायचं हे सांगावं तसं म्हणाली.

काल सामान हलवलं. माझी पुस्तकं, घड्याळ, अंबूची भांडी. पत्रांची तार खुंटीवर नव्हती. विचारलं तर आई म्हणाली, “ती माझ्या वाट्यात हाय.”

नाना


वस्ती, आष्टा
८ फेब्रुवारी १९४६

चि. सिद्धू,

परवा आबांचं वर्षश्राद्ध झालं. हे पत्र लांबेल. मध्येच ठेवू नकोस.

आम्ही वस्तीवर राहतो. ऊस चांगला आहे. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी गावातल्या घरावरून येतो. आई पाहुण्यांच्या कपबशीत चहा देते. ती कपबशी फळीवर वरच्या बाजूला असते, तिला पाय उंच करून काढावी लागते. मी म्हणतो, पितळीत दे की. ती म्हणते, “असू दे, पावणा हायस.” चार महिने मी त्या कपातून चहा पितोय.

परवा गावातल्या घरी जेवणं झाली, माणसं पांगली, अंबू भांडी घासायला परसात गेली. आईनं ट्रंकेतून तार काढली आणि माझ्यापुढं ठेवली. सगळ्यात वर बेळगावचं पत्र होतं.

“वाच,” म्हणाली. “सगळं.”

तेव्हा मला कळलं की तिला ठाऊक आहे. तुझी चिठ्ठी चावडीत वाचली गेली, त्यानंतर मी शाळेत असताना ती तार घेऊन लालासाहेबाकडं गेली होती. त्यानं सगळी पत्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली होती. वाटणीच्या आधी. पारावर उभी राहिली तेव्हा तिला सगळं माहीत होतं, आणि चार माणसांत तिनं माझं नाव घेतलं नाही.

मी वाचलं. तुझंच पत्र तुला सांगायला नको, पण मी कुठली ओळ गाळत होतो ती इथं लिहितो, म्हणजे माझ्या हातची कबुली राहील. थंडी पुष्कळ, परेड रोज, यानंतर तू लिहिलं होतंस: “बोटीवर चढण्याआधी महिन्याची रजा मिळते. माझं चुकलं हे आबांना सांग. त्यांनी माझ्यासाठी दोन ओळी लिहवून पाठवल्या तर घरी येऊन, पाया पडून मग जाईन.” त्यानंतर सर्वांस नमस्कार.

ही मधली ओळ मी आबांना वाचून दाखवली नाही. सन एक्केचाळीसचा मार्गशीर्ष होता. आबा ओट्यावर बसले होते. मी थंडीपर्यंत वाचलं आणि नमस्कारावर उडी मारली. आबा म्हणाले, “एवढंच?” मी म्हटलं, “एवढंच.” ते उठून बैलांकडं गेले. बैलांना वैरण आधीच घातलेली होती. पुढं महिन्या दोन महिन्यांनी विचारायचे, “पोराचं काय?” मी “काय न्हाई” म्हणायचो, आणि ते खरंच असायचं, कारण तू लिहीत नव्हतास.

का केलं, हे तू विचारशील. तुझ्यावर राग नव्हता. तू पळून गेलास त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलायला लागले होते. पिकाचं विचारायचे, शाळेचं विचारायचे. त्याआधी तू तालमीतून यायचास, हसायचास, आणि घरातले सगळे तुझ्याकडं बघायचे. मला घरात एकटा मुलगा असणं आवडायला लागलं होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, नाही सापडलं.

आईनं पत्र पुरं ऐकलं. मग आबांसारखंच म्हणाली, “एवढंच?”

लालासाहेबानं वाचलं ते एवढंच होतं, आणि तिला तेवढंच ठाऊक होतं. मी “व्हय” म्हणालो असतो तर विषय तिथं मिटला असता. पण माझं उत्तर त्या तारेत नव्हतं, ते तुझ्याकडं आहे. मी म्हणालो, “न्हाई. त्याला मी उत्तर लिवलं हुतं. आबांचा राग गेलेला नाही, तूर्त येऊ नये, असं. आबांनी सांगितलं न्हवतं. माझं मीच लिवलं.”

मला वाटलं, आई रडेल. ती रडली नाही. म्हणाली, “त्यो मरंपातूर वाटंकडं बघत हुता, नाना. मी रोज बघत हुते त्याला बघताना.” मग चंची काढली, पान लावलं, पण खाल्लं नाही. तसंच हातात धरून बसली. मी रडलो. चाळीस वर्षांचा माणूस, मुलांना छड्या मारणारा, घरच्या ओट्यावर बसून रडलो, आणि तिनं मला गप्प हो म्हटलं नाही.

माफी मागायची मला सवय नाही, तरी मागतो. तू बापाला न भेटता बोटीवर चढलास ते माझ्यामुळं. काळ्या रानाचं तू आल्यावर बघू. रान देऊन हे फिटत नाही, म्हणून आत्ता रानाचं नाव काढत नाही.

इथून पुढं आईला तुझी पत्रं लालासाहेब वाचून दाखवेल. हे पत्रही मी उघडंच त्याच्याकडं देणार आहे. तो आईला पहिल्यापासून वाचेल आणि मगच टपालात टाकेल.

आज सकाळी शाळेत जाताना आईनं हाक मारली. उंबऱ्यातच उभी होती, मला आत बोलावलं नाही. म्हणाली, त्यानं दोन वळी मागितल्या हुत्या नव्हं, मग लिव. मी पायरीवर बसून, दप्तर मांडीवर घेऊन लिहिल्या:

“तुझा बाप उंबऱ्याचं बोलला ते तोंडानं बोलला, त्याचं डोळं वाटंकडं हुतं.
दार उघडं हाय, मी घरात हाय, ये.”

या ओळी आईच्या आहेत. मी एक अक्षर कमी-जास्त केलेलं नाही. लालासाहेबाकडून आईला वाचून दाखवून ताडून घेतल्या आहेत.

नाना